एक्सआरडीपीला लॉगिन होतं पण काळा स्क्रीन येऊन बंद होतं, तेही कधी होतं कधी नाही: कारण आणि उपाय

लिनक्सच्या मशीनवर एक्सआरडीपी, म्हणजे तिचा डेस्कटॉप दुसऱ्या मशीनवरून उघडू देणारा रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्राम, लावला, त्या दिवशी एकदम मस्त चालला, घरी येऊन लॅपटॉपवरून दोनदा उघडून पाहिला, बरोबर. चार दिवसांनी खरंच काम पडलं तर ती निळसर बॅकग्राउंडवरची लॉगिनची चौकट येते, युजरनेम पासवर्ड घेते, आणि मग सगळं काळं. दहा-पंधरा सेकंद काळं राहते आणि विंडो आपोआप बंद. काही एरर नाही, मेसेज नाही. परत केलं तर परत तेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीच हात न लावता चालू. हे जे कधी चालतं कधी नाही असं असते ना, त्यानंच माणूस भलतीकडे शोधत राहतो. मी दोन महिने शोधलं, एक्सआरडीपी तीनदा काढून टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, राउटर बदलला, आणि कारण यातलं एकही नव्हतं. म्हणून सगळं नीट लिहून ठेवून राहिलो, ज्याला लागेल त्याचा वेळ वाचावा.

माझ्या मामांचं नागपूरला महालात लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर मी उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं, इंकस्केप आणि स्क्राइबस या डिझाइनच्या प्रोग्रामवर काम होतं. मी राहतो मनीषनगरला. लग्नाच्या सीझनमधे दिवसातून तीन-तीनदा मामांचा फोन, बाबू वराच्या आजोबांचं नाव राहिलं, बाबू मुहूर्ताची वेळ चुकली, पार्टी सामोर बसून आहे. मे महिन्यात दुपारी दोनला, पारा ४५ च्या वर, मनीषनगरहून महालात गाडीनं जायचं आणि एक वेलांटी बदलून परत यायचं, हे रोज होत नाही. तेव्हा रिमोट डेस्कटॉप ही आमच्यासाठी हौस नाही, गरज आहे.

एक गोष्ट पहिलेच सांगतो, कमांड मी इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरांतच करा.

तर कारण कसं सापडलं ते पाहा. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, पाच मिनिटांनी येते, कूलर आणि मशिनी एकदम सुरू होतात की परत एकदा झटका बसतो. दुकानातला कॉम्प्युटर बंद होऊन सुरू होतो. मामा लॉगिन करतात, पत्रिकेची फाइल उघडतात, गिऱ्हाईक पाहतात. नेमकं त्याच वेळी ते मला फोन करतात, आणि मी घरून त्याच युजरनेमनं लॉगिन करतो. काळा स्क्रीन. रात्री दुकान बंद, मामांनी जाताना लॉगआउट केलेलं, मशीन चालू, मी करून पाहतो तर एकदम बरोबर. म्हणजे मी टेस्ट नेहमी रात्री करत होतो आणि काम नेहमी दुपारी पडत होतं.

उलटंही झालं. रात्री मी काम करून विंडोच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून बंद केलं आणि झोपलो. सकाळी मामांचा फोन, "अरे बाबू, पासवर्ड टाकून राहिलो, बरोबर टाकून राहिलो, पण आत जाऊनच नाही राहिलं, परत तिथंच येऊन राहिलं." मला वाटलं कॅप्सलॉक चालू असेल. नव्हता.

त्या दिवशी मी दुकानात जाऊन कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबलं, काळ्या टर्मिनलवर लॉगिन केलं आणि लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स टाकलं, मशीनवर कोणकोण लॉगिन आहे ते ही कमांड दाखवते. यादीत मामांच्याच युजरची एक जास्तीची ओळ होती, आणि तिच्या सीट नावाच्या कॉलममधे काहीच नव्हतं. मशीनच्या सामोर बसून जो लॉगिन करतो त्याच्या ओळीत सीट०, म्हणजे सीट झिरो, लिहिलेलं असते, आणि रिमोटवाल्याची सीट रिकामी. म्हणजे माझं रात्रीचं सेशन, लॉगिन करून उघडलेला डेस्कटॉप, तसंच जिवंत होतं. फुली मारली की एक्सआरडीपी फक्त कनेक्शन तोडते, सेशन मारत नाही, डिफॉल्ट तसंच आहे आणि खरं तर ते चांगलं आहे, नेट गेलं तर उघड्या फाइली राहतात. पण उबुंटूचा जो नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप आहे त्याला एकाच युजरचे दोन डेस्कटॉप एका वेळी चालत नाहीत. सामोर एक चालू असला की रिमोटवाला काळा होऊन पडते, रिमोटवाला चालू असला की सामोरच्याला आत घेत नाही. एवढंच कारण.

आता तुमचं नेमकं हेच आहे का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या कोणत्याही मशीनवरून एसएसएचनं, म्हणजे दुरून नुसतं टर्मिनल उघडून, आत जा (एसएसएच सर्व्हर पहिलेच टाकून ठेवा, रिमोट डेस्कटॉप बिघडला की हीच मागची खिडकी कामी येते), लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स पाहा. तुमच्याच नावाची सीट झिरोवाली ओळ दिसली आणि रिमोटला काळा स्क्रीन येत असेल तर हेच आहे. तात्पुरतं चालवायचं असेल तर लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन आणि त्या ओळीचा सेशन नंबर. पण सेव्ह न केलेलं सगळं जाते, त्यामुळे सामोर बसलेल्या माणसाला फोन करून विचारल्याशिवाय हे करू नका. लोकांच्या पत्रिका असतात, चार तासांची मेहनत असते.

सगळीकडे जो उपाय सांगतात तो असा, की ईटीसी फोल्डरमधे एक्सआरडीपी, त्यात स्टार्टडब्ल्यूएम डॉट एसएच ही फाइल उघडायची आणि शेवटच्या दोन ओळींच्या वर अनसेट डीबस सेशन बस अ‍ॅड्रेस आणि अनसेट एक्सडीजी रनटाइम डिर अशा दोन ओळी घालायच्या, व्हेरिएबलची नावं कॅपिटलमधे आणि मधे अंडरस्कोर. यानं काळा स्क्रीन बऱ्याचदा जातो हे खरं आहे, कारण नवीन सेशन जुन्या सेशनच्या बसला, म्हणजे प्रोग्राम आपसात बोलतात त्या वाटेला, जाऊन चिकटत नाही. पण मला स्वतःला हा उपाय पटत नाही. डेस्कटॉप येतो, मग ब्राउझर उघडला तर तो म्हणतो मी आधीच चालू आहे, दोन्हीकडून सेटिंग एकाच फाइलमधे लिहिल्या जातात, आणि आठ दिवसांनी काहीतरी तिसरंच बिघडते. एका युजरनं दोन खुर्च्यांवर बसायचंच नाही, हे धरून चाला.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो इन्स्टॉल करायच्या पहिले विचारला पाहिजे. तुम्हाला सामोरच्या माणसाचा तोच स्क्रीन पाहिजे, की त्याच मशीनवर तुमचा वेगळा डेस्कटॉप पाहिजे? या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांना आपण रिमोट डेस्कटॉपच म्हणतो, दोन्ही आरडीपी ही एकच भाषा वापरतात, दोघांचा पोर्ट, म्हणजे मशीनमधे शिरायचा दरवाजा, तोही ३३८९, म्हणून गोंधळ होतो. एक्सआरडीपी वेगळा डेस्कटॉप देते. मामांना पाहिजे होतं की मी त्यांच्या स्क्रीनवर येऊन त्यांच्यासामोर वेलांटी बदलावी, आणि मी लावून दिलं होतं वेगळं डेस्कटॉप देणारं. मग एकमेकांच्या अंगावर जाणारच.

तोच स्क्रीन पाहिजे असेल तर एक्सआरडीपी लागतच नाही. उबुंटू २२.०४ मधे सेटिंग्जमधे शेअरिंग, त्यात रिमोट डेस्कटॉप, तिथं चालू करा, रिमोट कंट्रोलही चालू करा आणि युजरनेम पासवर्ड ठरवा. २४.०४ मधे तेच सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप असं गेलंय आणि तिथं दोन टॅब आहेत, डेस्कटॉप शेअरिंग म्हणजे तोच स्क्रीन, आणि रिमोट लॉगिन म्हणजे कोणी लॉगिन नसताना बाहेरून सेशन सुरू करायचं. दोन्ही चालू केले तर रिमोट लॉगिन ३३८९ घेते आणि शेअरिंग ३३९० वर जाते, मग शेअरिंगला जोडताना अ‍ॅड्रेसच्या पुढे कोलन देऊन ३३९० टाकावं लागते. आणि एक्सआरडीपी पण टाकून ठेवलं असेल तर दोघंही ३३८९ साठी भांडतात. सुडो एसएस डॅश टीएलएनपी टाकून पाहा, ३३८९ च्या ओळीत कोणाचं नाव आहे ते दिसते. नको ते काढून टाका, दोन्ही ठेवू नका.

या तोच-स्क्रीनवाल्या पद्धतीचे दोन त्रास आहेत आणि दोन्ही परत परत येणारे आहेत. पहिला म्हणजे रिस्टार्ट झालं की पासवर्ड चालत नाही. सेटिंगमधे जाऊन पाहिलं तर तिथं भलताच कोणतातरी पासवर्ड पडलेला असते. हे ऑटोमॅटिक लॉगिन चालू असलेल्या मशीनवर होते, कारण तो पासवर्ड कीरिंगमधे, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीत, ठेवलेला असतो आणि कीरिंग तुमच्या लॉगिन पासवर्डनं उघडते, ऑटो लॉगिनमधे तुम्ही पासवर्ड टाकलाच नाही तर ती बंदच राहते. ऑटो लॉगिन बंद करा, हा सरळ उपाय. ते शक्यच नसेल तर पासवर्ड्स अँड कीज नावाचं अ‍ॅप उघडून लॉगिन कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवता येतो, पण मग त्यात ठेवलेलं सगळं उघडं राहते हे लक्षात ठेवा, दुकानात चार लोक मशीनला हात लावत असतील तर मी हे करणार नाही. दुसरा त्रास, स्क्रीन लॉक झाला की बाहेरचा माणूस बाहेर फेकला जातो. २२.०४ ला प्रायव्हसीमधे ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक बंद करायचं, आणि बंदच करायचं नसेल तर अलाऊ लॉक्ड रिमोट डेस्कटॉप नावाचं ग्नोम एक्स्टेन्शन आहे, ते टाकलं की लॉक असतानाही जोडता येते.

वेगळा डेस्कटॉप पाहिजे असेल, म्हणजे मामा तिकडे काम करतील आणि मी इकडून माझं करीन, तर एक्सआरडीपी बरोबर, फक्त युजर वेगळा पाहिजे. सुडो अ‍ॅडयुजर करून माझ्यासाठी नवीन अकाउंट केला. आणि त्या अकाउंटला ग्नोम नको, एक्सएफसीई द्या. तोही डेस्कटॉपच, पण हलका आहे, नेट हळू असलं तरी चालते, आणि पुढचाही विचार आहे, उबुंटू २५.१० पासून ग्नोमचं एक्सऑर्गवालं (एक्सऑर्ग म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवायची जुनी व्यवस्था) सेशन काढूनच टाकलंय आणि एक्सआरडीपी चालते एक्सऑर्गवर. एक्सएफसीई४ पॅकेज टाका, एक्सऑर्गएक्सआरडीपी (या दोघांना जोडणारं पॅकेज) पण आलंय ना ते पाहा, आणि नवीन युजरच्या होममधे डॉट एक्ससेशन नावाची फाइल करून त्यात एकच ओळ, स्टार्टएक्सएफसीई४. होममधे टाकायची, ईटीसीत नाही, म्हणजे मामांच्या डेस्कटॉपला धक्का लागत नाही.

नवीन युजर केला की लगेच दुसरी अडचण येते, मामांच्या फाइली दिसत नाहीत, परमिशन डिनाइड. हा बिघाड नाही, उबुंटू २१.०४ पासून प्रत्येकाचं होम फोल्डर दुसऱ्यांना बंद असते, ७५० परमिशन. होम उघडं करू नका. एसआरव्ही या सिस्टिमच्या फोल्डरमधे एक फोल्डर करा, एक ग्रुप करा, दोन्ही युजर त्या ग्रुपमधे, फोल्डरचा ग्रुप तो करा आणि सीएचमॉड २७७५. सुरुवातीच्या त्या २ मुळे आत नवीन केलेली फाइल पण त्याच ग्रुपची होते. ग्रुपमधे टाकल्यावर दोघांनी एकदा पूर्ण लॉगआउट करून परत यायचं, नाहीतर लागू होत नाही आणि तुम्ही अर्धा तास परमिशनच बदलत बसाल.

पत्रिकेच्या कामाला मराठी टायपिंग लागते आणि तेही या नवीन सेशनमधे बंद पडलं होतं, सामोर बसलं की इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू, रिमोटमधे फक्त इंग्रजी. एक्सएफसीईच्या त्या सेशनमधे आयबस, म्हणजे भाषेचे कीबोर्ड चालवणारा प्रोग्राम, आपोआप सुरू झालं नव्हतं. डॉट एक्ससेशनमधे स्टार्टएक्सएफसीई४ च्या वर तीन एक्सपोर्टच्या ओळी घातल्या, जीटीके आयएम मॉड्यूल इक्वल टू आयबस, क्यूटी आयएम मॉड्यूल इक्वल टू आयबस, आणि एक्समॉडिफायर्स इक्वल टू अ‍ॅट आयएम इक्वल टू आयबस, त्याखाली आयबस-डीमन डॅश डीआरएक्स. स्टार्टएक्सएफसीई४ सगळ्यात शेवटी राहिलं पाहिजे, त्याच्या खाली लिहिलेलं डेस्कटॉप बंद होईपर्यंत चालतच नाही. मग आयबसच्या सेटिंगमधे मराठी जोडा. ज्या दिवशी घरून पहिल्यांदा 'चि. सौ. कां.' टाइप झालं त्या दिवशी खरं बरं वाटलं.

आणखी एक कारण जे लोकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलवरून १६ बिट कलरनं जोडलं आणि मग लॅपटॉपवरून ३२ बिटनं, तर एक्सआरडीपी जुनं सेशन परत देत नाही, नवीन करते, कारण ते युजर आणि कलर डेप्थ दोन्ही पाहून जुळवते. म्हणजे परत एका युजरची दोन सेशन्स. सगळ्या डिव्हाइसवर कलर डेप्थ एकच ठेवा. आमचं नेट हळू असते म्हणून मी सगळीकडे १६ ठेवलंय, आणि एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समधे कंपोझिटर (विंडोच्या सावल्या-इफेक्ट करणारा) बंद केलंय, खूप फरक पडतो.

हे सगळं करूनही काळा स्क्रीन असेल तर लॉग वाचा, अंदाजानं काही टाकत-काढत बसू नका. व्हार, लॉग, त्यात एक्सआरडीपी डॉट लॉग आणि एक्सआरडीपी-सेसमन डॉट लॉग, आणि युजरच्या होममधे डॉट एक्ससेशन-एरर्स. पहिल्या फाइलमधे 'की डॉट पेम' ही फाइल वाचता येत नाही, परमिशन डिनाइड, असं काही असेल तर सुडो अ‍ॅडयुजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट करून सर्व्हिस रिस्टार्ट करा. लॉगिन झाल्यावर कलर मॅनेज्ड डिव्हाइससाठी पासवर्ड मागणारी चौकट आली तर नुसतं कॅन्सल करा, कामाला काही होत नाही.

आणि लॉगिनची चौकटच येत नसेल, तर तो आजार वेगळा, काळ्या स्क्रीनशी त्याचा संबंध नाही. आमच्याकडे लाइट जाऊन आली की राउटरही रिस्टार्ट होतो आणि मशीनला दुसरा आयपी देतो, मी आपला जुन्याच आयपीला ठोकत राहतो. राउटरमधे जाऊन त्या मशीनच्या मॅक अ‍ॅड्रेसला आयपी बांधून टाका, एकदा केलं की सुटले. बायोसमधे लाइट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असते, रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस किंवा तशाच नावाचं, ते ऑन करा. मशीन झोपत असेल तर सुडो सिस्टिमसीटीएल मास्क, पुढे स्लीप डॉट टार्गेट, सस्पेंड डॉट टार्गेट, हायबरनेट डॉट टार्गेट, हायब्रिड-स्लीप डॉट टार्गेट. फायरवॉल चालू असेल तर ३३८९ टीसीपीला वाट द्या.

घराबाहेरून जोडायला राउटरवर ३३८९ उघडा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मी कळकळीनं सांगतो. हा पोर्ट दिवसरात्र बॉट शोधत असतात आणि तुमच्या दुकानाच्या पासवर्डवर ठोकत राहतात. आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर ते चालतही नाही, राउटरच्या पानावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही कंपनीच्या सामायिक आयपीच्या मागे आहात, पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येत नाही. मी दोन्हीकडे टेलस्केल, म्हणजे आपल्याच मशिनींमधे खासगी नेटवर्क करणारा प्रोग्राम, टाकलंय, घरगुती वापराला फुकट आहे, वायरगार्ड या व्हीपीएनवर चालते, आणि फायरवॉलमधे ३३८९ फक्त टेलस्केल० या इंटरफेसवरून आत येऊ देतो. फक्त त्याची 'की', म्हणजे मशीनची ओळख पटवणारी किल्ली, १८० दिवसांनी संपते, सहा महिन्यांनी एका सकाळी अचानक मशीन गायब होते आणि परत तेच, काल तर चालू होतं. त्याच्या अ‍ॅडमिनच्या पानावर त्या मशीनसमोर डिसेबल की एक्स्पायरी करून ठेवा, आजच करा.

आमचं सध्या असं आहे, मामांच्या स्क्रीनवर काही दाखवायचं असलं की फोनवर बोलत बोलत ग्नोमच्या डेस्कटॉप शेअरिंगनं जातो, आणि पूर्ण पत्रिका करायची असली की दुकानातल्या दुसऱ्या जुन्या मशीनवर एक्सआरडीपी आहे, तिथं माझ्या वेगळ्या युजरनं. काम झालं की फुली नाही मारत, मेनूतून लॉगआउट करतो. या मे महिन्यात लाइट कितीदा गेली ते मोजलं नाही, पण काळा स्क्रीन एकदाही आला नाही.